‘नंबर’ म्हटल्याने बेरीज येत नाही

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीतील संगणकविषयक सदरात जावा या प्रोग्रामिंग भाषेतील जेनेरिक टाइपांवर (एकदाच लिहिलेला प्रोग्राम अनेक प्रकारच्या मूल्यांना चालावा अशी सोय) आलेला लेख मी दोनदा वाचला. इतक्या नेमक्या तांत्रिक विषयावर कोणी मराठीतून लिहावे आणि दैनिकाने ते छापावे याचा मला मनापासून आनंद झाला, हे आधीच नमूद करतो. कारण पुढचे सगळे पत्र त्या लेखातील एकाच विधानाविरुद्ध आहे. लेखक म्हणतात की, मेथड (प्रोग्राममधली नाव दिलेली कृती) लिहिताना ‘टी एक्स्टेंड्स नंबर’, म्हणजे ‘टी हा कोणताही टाइप चालेल, पण तो नंबरच्या वंशातला हवा’, एवढी मर्यादा घातली की पूर्णांक, अपूर्णांक, मोठमोठ्या रकमा अशा सर्व प्रकारच्या संख्यांना बेरीज-वजाबाकीची एकच मेथड पुरते, आणि मेथडच्या आत प्रत्येक संख्येकडून ‘डबलव्हॅल्यू’ (तीच संख्या ‘डबल’ या दशांश रूपात) मागून घेतली की काम भागते. माझी नोकरीची तीस वर्षे हिशेबाचे प्रोग्राम लिहिण्यात गेली आणि आता मी दांडिया बाजारातल्या घरी संध्याकाळी आठ-दहा मुलांना जावा शिकवतो. सोमवारी त्यांच्यातले तिघे तुमच्या लेखाचे कात्रण घेऊनच आले आणि त्यांनी विचारले, “सर, एवढ्या एका ओळीत होते, तर तुम्ही आम्हाला इतके दिवस का फिरवलेत?” त्या प्रश्नाचे उत्तर त्यांना मी तोंडी दिले, तेच येथे लिहून पाठवतो, कारण कात्रण काही तिघांनीच काढले नसेल.

स्तंभात कोनकंसांनी भरलेला मजकूर छापणे जिकिरीचे असते, म्हणून प्रोग्राम न देता शब्दांतच लिहितो. ज्यांना यंत्रावर पडताळून पाहायचे आहे त्यांना तेवढे पुरेल.

मर्यादा ही दोन बाजूंनी वाचायची असते. मेथड वापरणाऱ्याला ती सांगते की नंबर या क्लासच्या (वस्तूंच्या साच्याच्या) वंशातली नसलेली वस्तू येथे चालणार नाही. मेथड लिहिणाऱ्याला ती सांगते की हाती आलेल्या वस्तूकडे नंबर या क्लासने जे देऊ केले आहे तेवढेच मागता येईल, त्याहून अधिक काही नाही. लेखकांनी पहिली बाजू उत्तम समजावली आहे. दुसरी त्यांनी सोडून दिली, आणि सगळी गफलत तिथेच आहे. जाता जाता एक शब्दाचा मुद्दा: त्यांनी योजलेला ‘बंधन’ हा शब्द मला बरोबर वाटत नाही, कारण बंधन म्हटले की ते फक्त वापरणाऱ्यावर आहे असा समज होतो. ‘मर्यादा’ दोघांनाही लागू पडते.

आता नंबर हा क्लास देऊ काय करतो ते पाहावे. जावाची पहिली आवृत्ती १९९६ च्या जानेवारीत आली तेव्हापासून तो भाषेत आहे, म्हणजे जेनेरिकपेक्षा तो आठ वर्षांनी मोठा. जेनेरिक टाइप भाषेत आले ते सप्टेंबर २००४ मध्ये, जावाच्या पाचव्या आवृत्तीबरोबर. नंबरमध्ये इंटव्हॅल्यू, लाँगव्हॅल्यू, फ्लोटव्हॅल्यू आणि डबलव्हॅल्यू अशा चार अमूर्त (नुसत्या जाहीर केलेल्या) मेथड आहेत आणि बाइटव्हॅल्यू व शॉर्टव्हॅल्यू या आणखी दोन. या सहाही मेथड एकच काम करतात: ‘मी अमुक रूपात कशी दिसेन’ एवढे ती संख्या सांगते. मिळवा, वजा करा, गुणा, तुलना करा यांपैकी एकही मेथड तिथे नाही. त्यामुळे टी या टाइपच्या दोन वस्तूंमध्ये अधिकचे चिन्ह लिहिले की कंपायलर (प्रोग्राम तपासून यंत्राला चालेल असा करणारा) ती ओळ साफ नाकारतो, आणि ते नाकारणे योग्यच असते.

विद्यार्थ्यांची पहिली शंका इथे येते. दोन इंटिजर (पूर्णांकाच्या) वस्तूंमध्ये अधिकचे चिन्ह घातले तर ते चालते, मग टी ने काय घोडे मारले? याचे कारण असे की जावामध्ये अधिकचे चिन्ह हे वस्तूंसाठी नाहीच. ते इंट, लाँग (लहान-मोठे पूर्णांक), फ्लोट, डबल (दशांश संख्या) अशा मूळ टाइपांसाठी आहे, आणि अपवाद म्हणून स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, जोडण्यासाठी. इंटिजरच्या डबीत इंट आहे हे कंपायलरला ठाऊक असते, म्हणून तो डबी उघडून आतला इंट बाहेर काढतो, बेरीज करतो आणि उत्तर पुन्हा डबीत घालतो. टी च्या डबीत काय आहे हे त्याला ठाऊक नसते. ती इंटिजर असेल, बिगडेसिमल (दशांश रकमा अचूक ठेवणारा क्लास) असेल, जिच्यातली संख्या चालू प्रोग्राममध्ये दुसराच कोणी धागा (समांतर चालणारे काम) बदलत आहे अशी ॲटॉमिकलाँग असेल, किंवा उद्या तुम्ही-आम्ही लिहिलेला अपूर्णांकाचा क्लास असेल. नंबरचा वंश विस्तारायला कोणालाच मज्जाव नाही. बिगडेसिमलच्या आत बाहेर काढण्याजोगा मूळ टाइप असा नाहीच. तेव्हा कंपायलरने कोणते चिन्ह कशाला लावायचे?

बडोद्याच्या वाचकांना यासाठी घरचाच दाखला आहे. गायकवाडी राज्यात बाबाशाही रुपया चालत असे आणि इंग्रजी अमलाखालच्या मुलखात कलदार. दोन्ही रुपयेच, दोन्ही चांदीचे. परंतु बाबाशाही शंभर आणि कलदार शंभर मिळून दोनशे रुपये झाले असे कोणी वहीत मांडले असते, तर मांडवीतल्या कोणत्याही सराफाने ती वही परत केली असती, कारण बाबाशाहीला कलदारात बदलताना बट्टा द्यावा लागे. ‘रुपया’ हे नाव दोघांचे सामायिक होते. बेरीज सामायिक नव्हती. ती करायची तर आधी कोणत्या नाण्यात आणि कोणत्या दराने, हे ठरवावे लागे. नंबर या क्लासचे तसेच आहे. आडनाव एक असले तरी हिशेब एक होत नाही.

लेखकांचा तोडगा म्हणजे सगळी नाणी ‘डबल’ नावाच्या एकाच नाण्यात वितळवायची. तापमानाची सरासरी, अंतरे, परीक्षेतील टक्केवारी अशा कामांत हे चालते, मी स्वतःही करतो. परंतु वितळवताना काय जळते ते सांगितले पाहिजे. डबलमध्ये संख्येच्या अर्थपूर्ण अंकांसाठी ५३ द्विमान (० किंवा १ अशा) अंकांची जागा असते. त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९३ हा लाँगमध्ये नीट मावणारा पूर्णांक डबलमध्ये घातला की ९००७१९९२५४७४०९९२ होतो. शेवटचा एक गळून पडतो आणि कोणी हाक मारत नाही. पैशांत मोजले तरी एवढी रक्कम नव्वद लाख कोटी रुपयांच्या घरात जाते, ती आपल्या कोणाच्या वहीत येणार नाही, हे मान्य. पण नोंदींपैकी एखादी सुटली नाही ना हे पाहण्यासाठी खातेक्रमांकांचीच बेरीज करून ठेवण्याची हिशेबनिसांची जुनी चाल आहे, आणि सोळा आकडी खातेक्रमांकांची बेरीज या सीमेपलीकडे सहज जाते. जी बेरीज चूक पकडण्यासाठीच करायची, तिच्यातच चूक शिरते.

रकमांच्या बाबतीत जळते ते वेगळेच. एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत सांत (संपणारी) नाही, जशी एक तृतीयांश ही आपल्या दशमान पद्धतीत नाही. डबलमध्ये ०.१ म्हणून जे साठवले जाते ते प्रत्यक्षात ०.१०००००००००००००००५५५१११५१२३१२५७८२७०२११८१५८३४०४५४१०१५६२५ असते; त्या डबलवरून थेट बिगडेसिमल बनवले तर हे सगळे शेपूट डोळ्यांसमोर येते. दहा पैसे दहा वेळा डबलमध्ये मिळवत गेले तर एक रुपया होत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ होते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने एका पतपेढीसाठी दैनिक ठेवींच्या व्याजाचा प्रोग्राम लिहिला होता. प्रत्येक खात्याचे व्याज त्याने बिगडेसिमलमध्ये पैशापर्यंत अचूक काढले, त्यात काडीचीही चूक नव्हती. परंतु दिवसअखेरीची एकूण बेरीज मात्र त्याने ‘सर्वांसाठी एकच’ म्हणून लिहिलेल्या त्याच प्रकारच्या मेथडमधून केली, जी आतल्या आत डबलव्हॅल्यू मागत होती. कधी तेरीज जुळे, कधी जुळत नसे. फरक दिसायला शून्य, कारण पडद्यावर दोनच दशांश स्थळे उमटत. पण जमा आणि नावे समान आहेत का, या प्रश्नाला यंत्र ‘नाही’ म्हणे. त्याने अर्ध्या पैशापेक्षा कमी फरक असेल तर तो नाही असे समजावे, अशी अट घातली आणि प्रकरण मिटवले. मला हे कळले ते तिथल्या कारकून बाई रोज संध्याकाळी त्या रकमा कागदावर पुन्हा हाताने मांडून पाहतात हे समजल्यावर. त्यांचा यंत्रावर विश्वास उरला नव्हता आणि त्यांचे काहीच चुकत नव्हते. नुसता राउंड मारला की झाले, असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, अचूक रकमा हाती असताना त्या आधी ढोबळ करून नंतर राउंडने सावरणे हा उलटा धंदा आहे.

याहून कठीण प्रकार आहे तो उत्तराच्या टाइपचा. लेखात मेथडचे उत्तर डबल आहे, तेवढे तरी प्रामाणिक आहे. पण विद्यार्थी तिथे थांबत नाहीत. इंटिजरांची यादी दिली तर उत्तरही इंटिजर हवे, असे त्यांना रास्तपणे वाटते, म्हणून ते मेथडचे उत्तर टी असे जाहीर करतात आणि आत डबलमध्ये काढलेली बेरीज टी मध्ये कास्ट करतात, म्हणजे ती टी च आहे असे कंपायलरला बजावतात. कंपायलर वॉर्निंग देतो की हे मला तपासता येणार नाही. ती वॉर्निंग दडपण्याची सोय भाषेत आहे आणि ती पुस्तकांतून शिकवलीही जाते. आता पुढचा खेळ पाहा. जावाचे जेनेरिक टाइप कंपायलरपुरतेच असतात. प्रोग्राम तयार होताना टी पुसला जातो आणि त्याच्या जागी मर्यादाच, म्हणजे नंबर, उरतो. त्यामुळे ‘टी मध्ये कास्ट कर’ याचा चालत्या यंत्रातला अर्थ ‘नंबरमध्ये कास्ट कर’ एवढाच होतो, आणि डबल हा नंबर असल्यामुळे चुकीच्या ओळीवर काहीच घडत नाही. घडते ते बाहेर, ज्याने मेथड वापरली त्याच्या ओळीवर. त्याने उत्तर इंटिजरमध्ये ठेवायला सांगितलेले असते, तिथे कंपायलरने आपणहून एक कास्ट घातलेला असतो, आणि तिथे प्रोग्राम कोसळतो: डबलचा इंटिजर होत नाही. त्याने उत्तर कुठे न ठेवता नुसते छापले तर बहुधा कोसळतही नाही. तीन पूर्णांकांची बेरीज ६.० अशी निमूट उमटते. चूक एकाच्या फायलीत आणि बोंब दुसऱ्याच्या, अशी ही व्यवस्था. माझ्या वर्गातील एका मुलीने अशी एक चूक शोधण्यात दोन संध्याकाळी घालवल्या. तिचा सगळा वेळ कोसळलेल्या ओळीवर गेला, आणि ती ओळ निर्दोष होती.

‘इंटिजर असेल तर असे, लाँग असेल तर तसे’ अशी इन्स्टन्सऑफची शिडी रचणे हा आणखी एक उपाय सुचवला जातो. शिडीला शेवटची पायरी नसते, कारण नंबरच्या वंशावळीला शेवट नाही. शिवाय ज्या प्रश्नातून सुटण्यासाठी जेनेरिक घेतले तोच प्रश्न हाताने सोडवत बसायचे, तर मग जेनेरिक घेतले कशाला?

मग करावे काय? बेरीज वस्तूकडे मागू नये, ती बाहेरून द्यावी. मेथडला तीन गोष्टी हव्यात: यादी, शून्य, आणि दोन वस्तूंवरून एक वस्तू कशी करायची हे सांगणारी क्रिया. मार्च २०१४ मध्ये आलेल्या जावाच्या आठव्या आवृत्तीपासून या तिसऱ्या गोष्टीसाठी बायनरीऑपरेटर नावाचा इंटरफेस (कोणती मेथड द्यायची याचा करार) तयारच आहे. इंटिजरांसाठी इंटिजर क्लासमधली ‘सम’ (बेरीज) ही मेथड द्यावी; तिच्याशिवाय लाँग आणि डबल या क्लासांतही अशीच ‘सम’ त्याच आवृत्तीत आली, ती अशाच वापरासाठी. बिगडेसिमलसाठी त्याची स्वतःची ‘ॲड’ द्यावी आणि शून्य म्हणून त्याच क्लासमधील झिरो. मेथडच्या आत एक साधे आवर्तन: शून्यापासून सुरू करा, प्रत्येक वस्तू क्रियेतून मिळवत जा, शेवटी उरेल ते परत द्या. कास्ट नाही, वॉर्निंग नाही, डबलव्हॅल्यू नाही. इंटिजर दिले तर इंटिजर मिळतो, बिगडेसिमल दिले तर पैसा न पैसा शाबूत मिळतो. शून्य वेगळे का द्यायचे, असे मुले विचारतात. यादी रिकामी असेल त्या दिवशी कळते. ज्या दिवशी एकही भरणा झाला नाही त्या दिवसाची बेरीज काय, याचे उत्तर क्रियेतून निघत नाही. गुणाकारासाठी तीच मेथड वापरायची असेल तर त्या जागी एक द्यावा लागतो, आणि शून्य दिले तर सगळा हिशेब शून्य होतो. हा धडा प्रत्येक तुकडीत कोणीतरी स्वतःच्या हाताने शिकतोच.

आणि इथे माझ्या पत्राचा गाभा येतो. अशी मेथड लिहून झाल्यावर मी मुलांना सांगतो की आता ‘एक्स्टेंड्स नंबर’ हे दोन शब्द खोडून पाहा. ते खोडले तरी मेथड जशीच्या तशी चालते. बेरीज बाहेरून आली म्हटल्यावर टी हा नंबर असण्याची गरजच उरत नाही. मिनिटे-सेकंदांचे कालावधी, आलेखावरचे बिंदू, आपण लिहिलेला ‘रक्कम’ नावाचा क्लास, ज्याची ज्याची बेरीज सांगता येईल ते सगळे तिच्यातून जाते. याचाच अर्थ ती मर्यादा बेरजेसाठी काहीच करत नव्हती. तिच्यामुळे फक्त डबलव्हॅल्यूचे दार उघडे राहत होते, आणि लेखक त्याच दारातून आत गेले.

क्रिया बाहेरून देण्याचा आणखी एक लाभ आहे, जो हिशेबाच्या कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो. इंटची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आहे. रकमा पैशांत ठेवल्या तर ती दोन कोटी चौदा लाख चौऱ्याहत्तर हजार आठशे छत्तीस रुपये सत्तेचाळीस पैसे होते, आणि एवढी उलाढाल एखाद्या मध्यम दुकानाचीही वर्षाला होते. ‘सम’ ने बेरीज करताना ती सीमा ओलांडली तर उत्तर निमूटपणे ऋण होते, म्हणजे वर्षअखेरीस दुकानदाराच्या विक्रीसमोर उणे चिन्ह उभे राहते. मॅथ क्लासमध्ये ‘ॲडएक्झॅक्ट’ नावाची मेथड आहे, ती अशा वेळी चुकीचे उत्तर देण्याऐवजी काम थांबवते. आपली मेथड बाहेरून क्रिया घेणारी असेल तर एक नाव बदलून दुसरे द्यायचे, बाकी एका अक्षराला हात लावायचा नाही. क्रिया आत कोंडलेली असती तर हा निर्णय वापरणाऱ्याच्या हाती कधीच आला नसता.

भागाकाराबद्दल लेखात एक वाक्य आहे, की तो ‘याच रीतीने’ करावा. तो याच रीतीने होत नाही. सात भागिले दोन हे इंटमध्ये तीन असते, डबलमध्ये साडेतीन, आणि बिगडेसिमलमध्येही साडेतीन. पण दहा भागिले तीन असे बिगडेसिमलला नुसते विचारले तर तो उत्तरच देत नाही, चूक म्हणून थांबतो, कारण या उत्तराचा दशांश संपत नाही आणि किती स्थळांनंतर थांबायचे हे आपण त्याला सांगितलेले नसते. तो आडमुठेपणा नव्हे. दहा रुपये तिघांत वाटायचे तर तीन रुपये तेहेतीस पैसे तीनदा देऊन एक पैसा उरतो, आणि तो कोणाला द्यायचा हे गणित सांगत नाही, संस्थेचा नियम सांगतो. अर्धा पैसा आला की वर न्यायचा, की जवळच्या सम अंकाकडे न्यायचा, हाही नियमच आहे. दोन्ही रीती बिगडेसिमलला ठाऊक आहेत, निवड त्याने आपल्यावर सोडली आहे. म्हणून सर्व संख्यांना सामायिक असा भागाकार लिहायला बसणे म्हणजे हा नियम कोणाला न विचारता स्वतःच ठरवून टाकणे होय.

तुलनेचेही थोडक्यात सांगतो. यादीतील सर्वांत मोठी संख्या काढायची तर ‘टी एक्स्टेंड्स नंबर’ पुरत नाही, कारण नंबर हा क्लास कंपेरेबल (तुलनेची मेथड देणारा) नाही. इंटिजर, लाँग, बिगडेसिमल हे प्रत्येकी आपापल्यापुरते कंपेरेबल आहेत. तेव्हा मर्यादा हवी ती ‘टी स्वतःशी तुलना करू शकतो’ अशी. ही मर्यादा आणि नंबरची मर्यादा यांत रूप सारखे असले तरी फरक मोठा आहे: इथे मर्यादेनेच ‘कंपेअरटू’ ही मेथड देऊ केली आहे, जी आपल्याला खरोखर हवी होती. मर्यादा कामाची केव्हा, तर तिच्या नावामागे आपल्याला लागणारी क्रिया असेल तेव्हा. आपल्याच क्लासांपुरते बोलायचे तर ‘मिळवता येण्याजोगा’ असा इंटरफेस लिहून त्याची अशीच स्वतःकडे वळणारी मर्यादा घालता येते, आणि मग बेरीज वस्तूकडे हक्काने मागता येते. जावाच्या तयार संख्यांना मात्र तो इंटरफेस मागाहून चिकटवता येत नाही.

नंबरची मर्यादा निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणत नाही. जिथे संख्या फक्त वाचायच्या आहेत, आलेख काढायचा आहे, ढोबळ सरासरी दाखवायची आहे, तिथे ‘नंबरच्या वंशातील कशाचीही यादी’ असे म्हणणे सोयीचे असते. इंटिजरांची यादी ही नंबरांची यादी होत नाही, हे लेखकांनी बरोबर सांगितले आहे. तशी होऊ दिली असती तर कोणीतरी तिच्यात साडेतीन घुसडले असते. जावाच्या अॅरेमध्ये ही मोकळीक पहिल्यापासून आहे आणि तिथे साडेतीन घुसडणारा प्रोग्राम चालता चालता पडतो. अशी मर्यादा घातलेल्या यादीतून नंबर म्हणून वाचता येते, पण तिच्यात काही घालता येत नाही, ही किंमत म्हणून योग्यच आहे.

इतर भाषांनी हा प्रश्न कसा सोडवला हे लेखात यायला हवे होते, निदान दोन ओळींत. हॅस्केलमध्ये १९९० पासून बेरीज-गुणाकार देणारी टाइपांची जातच आहे. गो या भाषेत मार्च २०२२ मध्ये जेनेरिक आले तेव्हा मर्यादेतच टाइपांची नावे मोजून देता येऊ लागली, आणि त्या सर्वांना अधिकचे चिन्ह लागू असेल तर ते सरळ वापरता येते. सी शार्पमध्ये नोव्हेंबर २०२२ पासून इंटरफेसच शून्य आणि बेरीज दोन्हींचे वचन देऊ शकतो. जावाने २००४ मध्ये जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालत राहावेत यासाठी टाइप पुसून टाकण्याचा मार्ग धरला. तो त्या वेळी समजण्याजोगा होता आणि त्याची फळेही मिळाली, पण मूळ टाइपांना जेनेरिकमध्ये जागा मिळाली नाही. त्यावर व्हॅल्हाला नावाचा प्रकल्प २०१४ पासून चालू आहे. आठव्या आवृत्तीत इंट, लाँग आणि डबल यांच्यासाठी तीन वेगवेगळे स्ट्रीम (मूल्यांच्या ओघावर काम करण्याची सोय) द्यावे लागले, हीसुद्धा याच अडचणीची कबुली आहे. भाषा घडवणाऱ्यांना जे एका मेथडीत बसवता आले नाही, ते दोन शब्दांच्या मर्यादेने बसेल अशी आशा मुलांना दाखवू नये.

१८९० मध्ये याच शहरात सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले आणि रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जरांसारख्या माणसाच्या हाती दिले, ते कारागिरीचे शास्त्र लोकांच्या भाषेतून शिकवता यावे म्हणून. तुमचे सदर त्याच वाटेवरचे आहे आणि म्हणूनच त्यातली चूक मला इंग्रजी पुस्तकातल्या चुकीपेक्षा अधिक लागली. मराठीतून वाचणाऱ्या मुलाला पडताळून पाहायला दुसरा मराठी लेख मिळत नाही. माझी विनंती एवढीच आहे की, पुढच्या रविवारी त्याच सदरात दोन दुरुस्त्या छापाव्यात: नंबरची मर्यादा बेरीज करण्याची मुभा देत नाही, आणि रकमांसाठी डबलव्हॅल्यू वापरू नये, बेरजेची क्रिया व शून्य मेथडला बाहेरून द्यावे. लेखकांना यावर काही म्हणायचे असेल तर ते वाचायला मी उत्सुक आहे.

माझ्या वर्गातील तिघांना मी त्यांचे कात्रण परत दिले आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या कागदावर त्यांनी गुरुवारपर्यंत भागाकाराची मेथड लिहून आणायची आहे, आणि दहा रुपयांतला उरलेला पैसा कोणाच्या खात्यात जमा होतो हे तिच्यात दाखवायचे आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे